झुकलेली दांडी

कपाटात कपडे टांगण्यासाठी बसविलेली आडवी दांडी काही वर्षांनी मध्यभागी खाली झुकते, हे अनेक घरांत पाहावयास मिळते. दांडी कमकुवत निघाली असे समजून पुष्कळदा तिच्या जागी अधिक जाड दांडी आणली जाते. परंतु खरा दोष बहुधा दांडीच्या जाडीत नसून तिच्या दोन आधारांमधील अंतरात असतो.

एक मीटर लांबीच्या दांडीवर तीस हँगर मावतात. हँगरसह प्रत्येक कपड्याचे वजन सरासरी अर्धा किलोग्रॅम धरले, तर एकूण भार १५ किलोग्रॅम होतो. या भाराने दांडी वाकते, तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. या दोहोंच्या मधला थर मात्र दाबलाही जात नाही व ताणलाही जात नाही. अर्थात भार पेलण्याचे काम मुख्यतः वरच्या व खालच्या पृष्ठभागाजवळील द्रव्य करते. गाभ्याचा वाटा अल्प असतो.

म्हणूनच पोकळ नळी हलकी असूनही बळकट असते. इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने इ. स. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांच्या पोकळ हाडांचे उदाहरण देऊन याची चर्चा केली होती. आपल्याकडील बांबू हे त्याचेच दुसरे उदाहरण होय. २५ मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची पोलादी नळी घेतली, तर तेवढ्याच व्यासाच्या भरीव पोलादी दांडीच्या एकतृतीयांशाहून कमी धातूत तिला निम्मा ताठपणा लाभतो. त्याच व्यासाच्या लाकडी दांडीशी तुलना करता ही नळी सुमारे आठ पट ताठ ठरते.

भरीव दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास २५ वरून ३० मिलिमीटर केला, की बाक जवळजवळ निम्मा होतो. लांबीचा परिणामही तितकाच तीव्र असतो. दर मीटरला तेवढेच कपडे टांगलेले असता आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर बाक सोळा पट होतो. उलट, मध्यभागी एक आधार दिला तर तो सोळाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. जाड दांडीपेक्षा मधला आधार किती गुणकारी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

लाकडाचा आणखी एक धर्म येथे लक्षात घेतला पाहिजे. दीर्घकाळ भाराखाली राहिलेले लाकूड सावकाश अधिकाधिक झुकत जाते. पावसाळ्यात ओलावा शोषणे व उन्हाळ्यात सुकणे यांमुळे ही क्रिया वाढते. मग कपडे काढून घेतले तरी दांडी पूर्णपणे सरळ होत नाही. तसेच वाकलेल्या दांडीची टोके किंचित आत ओढली जातात. खोबणी उथळ असल्यास ती निसटून सर्व भार खाली कोसळण्याचा संभव असतो.

दुरुस्ती करताना प्रथम सर्व कपडे काढावेत आणि दांडी अशी फिरवावी, की तिचा बाक वरच्या बाजूस येईल. केवळ एवढ्याने भागत नाही, कारण काही काळाने ती पुन्हा खाली झुकू लागते. म्हणून मध्यभागी वरच्या जाड फळीला लोखंडी आकडा बसवून त्यात दांडी टेकवावी. आकड्याचे स्क्रू भरीव लाकडात रुतले पाहिजेत; फळी पातळ असल्यास तिला आधी एक लाकडी पट्टी जोडावी. हँगर आकड्यापलीकडे सरकत नाहीत, एवढीच गैरसोय राहते. आकडा बसविणे शक्य नसेल, तर पोलादी नळी वापरावी. दोन्ही टोकांच्या खोबणी घट्ट आहेत याची खात्री करून जड कपडे आधारांच्या जवळ टांगावेत.

मोठ्या नदीवरील रेल्वेपुलासाठी ठिकठिकाणी खांब उभारून तुळयांची लांबी मर्यादित ठेवली जाते. कपाटातील दांडीला दिलेला आधार त्याच नियमाचा लहानसा उपयोग होय.