पेक्टिन: जेलीपासून औषधापर्यंत

जॅमच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘440’ हा आकडा दिसला की काहींना धास्ती वाटते. हा क्रमांक पेक्टिनचा. दुसरीकडे, हेच पेक्टिन गुणकारी पूड म्हणून महाग विकलं जातं. दोन्हीकडे समजापेक्षा गैरसमजच जास्त.

गैरसमज: पेक्टिन म्हणजे जिलेटिन, म्हणून मांसाहारी.
वस्तुस्थिती: जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रथिन. पेक्टिन वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत असतं आणि शेजारच्या पेशींना एकमेकींशी सांधतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 मध्ये त्याचं वर्णन केलं. कारखाने ते मुख्यतः रस काढून उरलेल्या लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातून मिळवतात.

गैरसमज: फळ जितकं पिकलेलं, तितकी जेली छान.
वस्तुस्थिती: फळ पिकताना त्यातली विकरं पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडतात, फळ मऊ पडण्याचं हे एक मोठं कारण. म्हणून पेरूच्या जेलीसाठी थोडे टणक पेरूही घ्यावेत. 1994 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटोत असंच एक विकर जनुकीय बदल करून दाबलं होतं. तरी तो अपेक्षेइतका टणक राहिला नाही, कारण मऊपणा एकट्या विकरावर अवलंबून नसतो.

गैरसमज: साखर कमी केली की जेली धरतच नाही.
वस्तुस्थिती: पेक्टिन कोणतं, यावर ते ठरतं. जास्त मेथॉक्सिल (एक रासायनिक गट) असलेल्या पेक्टिनला आंबटपणा आणि साधारण 55 टक्क्यांहून अधिक साखर लागते. कमी मेथॉक्सिलवाल्याला कॅल्शियम पुरतं. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तेव्हाही कॅल्शियमच पेक्टिनला बांधून ठेवतं आणि फोडी पाकात मोडत नाहीत.

गैरसमज: जे पचत नाही, त्याचा शरीराला काय उपयोग?
वस्तुस्थिती: आपली पाचक विकरं पेक्टिन तोडू शकत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून लघुशृंखला मेदाम्लं तयार करतात. रोज 6 ग्रॅम पेक्टिन कोलेस्टेरॉलची पातळी सामान्य राखायला हातभार लावतं, असा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये मान्य केला. सफरचंदात पेक्टिन साधारण 1 टक्का असतं. म्हणजे एका फळात हा हिशेब बसत नाही. दिवसभरातल्या फळभाज्यांची बेरीज धरावी लागते.

गैरसमज: पेक्टिनने कर्करोग बरा होतो.
वस्तुस्थिती: साखळ्या तोडून लहान केलेलं ‘सुधारित सिट्रस पेक्टिन’ गॅलेक्टिन-3 या प्रथिनाला चिकटतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आणि प्राथमिक आहेत. उपचार म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. पेक्टिनची पूड काही औषधांचं शोषणही कमी करू शकते. त्यामुळे औषधं चालू असतील तर ही पूड डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.