धनुष्याच्या टप्प्यात सांबर

सकाळी ६

रात्रीची धग अजून अकोल्याच्या भिंतींतून उतरलेली नाही. वैशाखात इथला पारा ४५ च्या पुढे जातो आणि शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मेळघाटच्या पाणवठ्यावर बसायचे दिवस नेमके हेच. झरे आटलेले, नाले कोरडे, सागाचं पान गळून जंगल आरपार दिसू लागलेलं. जनावराला पाण्यावर यावंच लागतं, आणि बुद्धपौर्णिमेचा चंद्र संध्याकाळपासून पहाटेपर्यंत उजेड पुरवतो.

पिशवी आवरतो. मातकट सदरा, डोक्याला धुवट दुपट्टा, दुर्बीण, राखेची पुडी. वासाचा साबण आणि डोक्याचं तेल आठवड्यापासून बंद आहे. डब्यात पोळ्या, गूळ, शेंगदाण्याची चटणी. कांदा घरीच. पाणी मात्र लागेल त्याहून जास्त.

सकाळी ९

अकोटपर्यंत सपाट काळी माती. वावरं नांगरून पडलेली आहेत, पावसाची वाट पाहत. पोपटखेडच्या पुढे सातपुडा एकदम समोर उभा राहतो. वर नरनाळ्याची तटबंदी, पायथ्याशी शहानूर. मेळघाट म्हटलं की लोकांना अमरावती जिल्हा आठवतो. सेमाडोह, कोलकास, चिखलदरा. पण ही दक्षिणेची कड अकोल्याची आहे, नरनाळा आणि वान ही अभयारण्यं १९९७ साली जाहीर झाली, आणि सांबर पाहायला मला हीच बाजू आवडते.

सकाळी ११

वनखात्याच्या आवारात मंडप. चिठ्ठ्या टाकून मचाणं वाटली जातात. नियम वाचून दाखवतात: बोलायचं नाही, विडी-काडी नाही, बॅटरी मारायची नाही, उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. एके काळी वाघांची संख्या याच रात्री आणि पावलांच्या ठशांवरून ठरायची. राजस्थानातल्या सरिस्काचे वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं, मोजणीची पद्धत बदलली, आणि ते काम कॅमेरा ट्रॅपकडे गेलं. आता पौर्णिमेच्या या बैठकीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. तरी नोंदीचा कागद प्रत्येकाच्या हातात देतात, आणि तो मनापासून भरायचा असतो असं मी मानतो.

मंडपातल्या बहुतेकांना वाघ हवा आहे. त्यात चूक काही नाही. १९७४ पासून हे जंगल वाघासाठी राखलेलं आहे. मला सांबराचा मोठा नर हवा आहे. गेली काही वर्षं माझ्या वाट्याला वानरं आली, मोर आले, रानडुकरं आली. सांबराच्या माद्या पिलांसह आल्या. नर आला नाही. एका पौर्णिमेला त्याचा आवाज रात्रभर झाडीतून येत राहिला आणि उजाडल्यावर चिखलात फक्त खूर उमटलेले दिसले.

सांबर दिसणं सोपं नाही. चितळ कळपाने उघड्यावर चरतं. मेळघाटच्या चढ-उतारांत चितळ कमीच, इथलं हरीण म्हणजे सांबर. नर खांद्यापाशी दीड मीटरपर्यंत उंच, वजन दोनशे किलोच्या वर, आणि तरीही दहा पावलांवरच्या बांबूत उभा असला तर कळत नाही. वाघाचं पोट मुख्यतः याच्यावर चालतं. ज्या जंगलात सांबराचे थोराड नर टिकून आहेत, तिथे वाघाची वेगळी चौकशी करावी लागत नाही.

दुपारी ३

मचाणाखाली आधी जमीन वाचतो. हे काम दुर्बिणीपेक्षा महत्त्वाचं. पाणवठ्याच्या कडेला चिखलात लोळण काढलेली आहे. खुरांचे ठसे लांबट, टोकाशी मिटलेले, एक जोडी बाकीच्यांहून ठळकपणे मोठी. चढावरच्या एका कोवळ्या सागाची साल कमरेच्या वर सोललेली, जखम जुनी, हिवाळ्यातली. म्हणजे नर इथलाच आहे.

सोबतीला एक वनमजूर आहेत, वयाने माझ्याहून मोठे, कोरकू. पाणवठ्यापलीकडच्या गवताकडे बोट दाखवून ते म्हणाले, “थे आमचं जवारीचं वावर होतं.” या भागातली गावं व्याघ्रप्रकल्पासाठी उठून खाली अकोट-तेल्हाऱ्याकडे गेली. तिथल्या सोयींवरून तक्रारी झाल्या, काही कुटुंबं रागाने परत जंगलात येऊन बसली. हा हिशेब अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवणं सरकारचं देणं आहे. सोडलेल्या शेतांवर मात्र गवत आलं, गवतावर हरणं आली. आज मी ज्याची वाट पाहतोय तो नर या माणसाच्या वावरात वाढलेला आहे, हे विसरून मचाणावर चढता येत नाही.

दुपारी ४ ते ६

राखेची चिमूट सोडली. ती पाण्याकडे, चढाच्या दिशेने गेली. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते आणि आमचा वास सोबत नेते. मचाण नाल्याच्या बाजूला, खालच्या अंगाला आहे; पाणी आमच्या आणि डोंगराच्या मध्ये. म्हणजे आता कुणी येणार नाही. वानरं आली, त्यांना आमची फिकीर नसते. मोर आले. पाण्याचं अंतर नजरेने मोजलं: पंचवीस-तीस मीटर.

याच अंतरासाठी अमेरिकेतला धनुर्धारी शिकारी जीव टाकतो. कोलोरॅडोच्या डोंगरांत सप्टेंबर महिन्यात तिकडचं मोठं हरीण, एल्क, माजावर असतं, आणि बाण घेऊन त्याच्या मागे जाणाऱ्याला तीस-चाळीस मीटरांच्या आत पोचावं लागतं. बंदूकवाला दूरवरून भागवतो. धनुष्यवाल्याला वारा, पाचोळा, सावली सगळं कळावं लागतं. कित्येकांचे हंगामच्या हंगाम कोरडे जातात. सकाळी हवा चढते, संध्याकाळी उतरते, हा त्यांचाही पहिला धडा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली आणि थांबली ते योग्यच झालं. पण त्या विद्येतलं जे खरं होतं, जनावराच्या बाजूने विचार करून तासन् तास स्थिर बसणं, ते जंगलाला आजही हवं आहे. गस्तीवरच्या वनरक्षकाला तर रोज हवं आहे.

संध्याकाळी ७

सूर्य गेला, पूर्वेकडून तांबूस चंद्र वर आला. रातव्याची टकटक सुरू झाली. पुन्हा राख सोडली. थोडा वेळ ती सरळ खाली पडली, मग आमच्या मागे, नाल्याकडे वाहू लागली.

“वारा फिरला,” ते कुजबुजले. “आता हालू नका भाऊ.”

रात्री ८ ते १२

रानडुकरांची टोळी. नंतर एक चौशिंगा, इतका सावध की पाण्याला तोंड लावायलाच त्याला बराच वेळ लागला. अकराच्या सुमारास अस्वल. ते आवाज करत आलं, आवाज करत प्यालं, आवाज करतच गेलं. मी नोंदी करत होतो. पाय बधिर होतात, मानेवर घाम वाळतो, मचाणाची काठी पाठीत रुततेच.

अशा वेळी मला रानपिंगळा आठवतो. १८८४ नंतर घुबडांतला हा छोटा पक्षी कुणाला दिसला नव्हता. नामशेष झाला असं लोक मानून चालले. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्यात तो दिसला, आणि मग याच मेळघाटातही सापडला. एकशे तेरा वर्षं. माझे कोरडे हंगाम त्यापुढे काहीच नाहीत.

रात्री १

चढावर पाचोळा वाजला. एक मादी झाडीच्या कडेला येऊन थांबली. कान आमच्याकडे, मग मागे, मग पुन्हा आमच्याकडे. पुढचा एक पाय उचलून तिने जमिनीवर आपटला. शेपटी ताठ झाली. मी श्वास अर्धाच घेत होतो. तिने “पोंक” केलं असतं तर रात्र तिथेच संपली असती. तिने केलं नाही. मागून आणखी दोघी आणि एक पिलू आलं, चौघं प्यायली आणि गवतात गेली.

मी सोबत्यांकडे पाहिलं. “थो मांगं हाय,” ते ओठांतच म्हणाले. “येते. घाई नाई त्याले.”

पहाटे ३.४०

चंद्र पश्चिमेला कलला होता आणि आमच्या झाडाची सावली पाण्याच्या अलीकडच्या काठापर्यंत पोचली होती. त्या सावलीच्या पलीकडे तो होता. आलेला दिसला नाही. नुसता होता.

आधी मान दिसली, दाट केसांची, जाड. मग डोकं खाली गेलं आणि शिंगं चांदण्यात आली. मे महिन्यात सांबराची शिंगं गळून गेलेली असतात किंवा नवी वाढत असतात. भिंतीवर टांगलेल्या जुन्या चित्रांतला तो फाट्यांचा मुकुट या दिवसांत शोधायचा नसतो. याची शिंगं हातभर वाढली होती, मखमली कातडीखाली गोलसर, टोकं बोथट. त्या कातडीतून आत्ता रक्त वाहत असतं, आत हाड घडत असतं. दिवाळीपर्यंत ती कातडी सुकेल, तो ती झाडांवर घासून काढेल आणि त्या सागासारख्या आणखी सालींवर खुणा उठतील.

तो पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत. प्यायला. थांबला. पाणी तोंडातून गळताना ऐकू येत होतं. पुढे चिखलात बसला आणि एका कुशीवर लोळला, मग दुसऱ्या. एवढं अजस्र जनावर आपल्यापासून पंचवीस मीटरवर निर्धास्त लोळतंय, ही माझ्या आयुष्यातली मोठी मिळकत आहे, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय. उठला तेव्हा चिखलाने काळा झाला होता. बाजू पूर्ण आमच्याकडे, पुढचा पाय किंचित पुढे. धनुर्धारी ज्या क्षणासाठी वर्षं घालवतो तो हाच. माझा उजवा हात दुर्बिणीवर घट्ट होता. तो सैल करायची स्वतःला मुद्दाम आठवण करून द्यावी लागली.

तो चालत गवतात गेला, माद्या गेल्या त्याच वाटेने. वारा शेवटपर्यंत आमच्या बाजूने राहिला.

सकाळी ६

पावशा ओरडू लागला. कागद पुरा केला. सांबर: माद्या तीन, पिलू एक, नर एक. वय, शिंगांची अवस्था, आला ती दिशा, गेला ती दिशा. सोबत्यांनी प्रत्येक ओळ वाचून घेतली आणि दोन ठिकाणी वेळ दुरुस्त केली. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, चंद्रावरून त्यांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं.

खाली उतरल्यावर मी लोळणीचे फोटो काढत होतो. ते पाणवठ्याच्या मागच्या बाजूला गेले, सोलर पंपाच्या पाइपाशी वाकले. उन्हाळाभर इथे पाणी राहतं ते या पंपामुळे आणि तो चालू ठेवणाऱ्या त्यांच्यासारख्या माणसांमुळे. जाळरेषाही त्यांनीच झाडल्या, म्हणून हे गवत वणव्यातून वाचलं.

“भाऊ, कागदाच्या मांगं लिहा,” ते म्हणाले. “पाइप जोडापाशी गळून राह्यला. या आठवड्यात बदलला पाह्यजे, नाईतर जूनपर्यंत पानी पुरत नाई.”

लिहिलं. गाडी आली. शहानूरला कागद देताना साहेबांना ती मागची बाजू आधी दाखवली.