फिरत्या घरातील दूरचित्रवाणी

दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ रोजी शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांसाठी होता. साऱ्या गावाने एकाच संचापुढे जमावयाचे. आकाशकाचे तोंड वाऱ्याने फिरले, तर बियाण्याविषयीचा सल्ला एका घराचा नव्हे, अवघ्या गावाचा बुडावयाचा.

त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात. म्हणून उंचीला मोठे मोल होते. १९८८ मध्ये पीतमपुरा येथे २३५ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरी सपाट मैदानात ४ मीटर उंच आकाशकापर्यंत पोहोचावयाच्या, तर अंतर सुमारे ७० किलोमीटर असू शकते. त्यापलीकडे पृथ्वीचीच वक्रता आड येते.

दिल्लीहून कॅराव्हॅनने, म्हणजे चाकांवरील घराने, निघालेल्या कुटुंबाला आज या मर्यादेची चिंता नाही. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही विनामूल्य सेवा विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या उपग्रहाकडून येते. येथे उंच काठी निरुपयोगी. प्रश्न दिशेचा आहे. दिल्ली परिसरातून हा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ३१ अंशांवर व क्षितिजापासून ५२ अंश वर असतो. होकायंत्र मात्र गाडीपासून चार पावले दूर उभे राहून पाहावे, कारण गाडीचे लोखंड सुईला भुलविते. तबकडीच्या तोंडाकडे पाहून अंदाज बांधणेही फसवे आहे. प्रचारातील बहुतेक लहान तबकड्यांची ग्राही बाजू तोंड दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर रोखलेली असते. तेव्हा मागील अंशपट्टीवरच विसंबावे.

आता खरी अडचण. ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी नेमक्या दिशेपासून दीड अंश ढळली, की मिळणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांत २ मीटर अंतर असेल आणि एका बाजूची चाके भुसभुशीत मातीत ५ सेंटिमीटर खचली, तर छप्पर तेवढेच, सुमारे दीड अंश, कलते. जुन्या पद्धतीत चित्रावर मुंग्या आल्या असत्या व मनुष्य सावध झाला असता. अंकीय चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकाएकी थिजते. म्हणून आधी गाडी टेकूंवर समपातळीत पक्की करावी, नंतरच तबकडी रोखावी. तबकडी छपराऐवजी जमिनीवरील तिकाटण्यावर ठेवली तर आणखी बरे. आत कोणी चालले तरी ती हलत नाही.

उन्हाळ्यात सावलीसाठी कडुनिंबाखाली गाडी लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. तबकडीपेक्षा ८ मीटर उंच झाड उपग्रहाच्या दिशेस ६ मीटरांच्या आत असेल, तर ते आड येते. ओली पाने लहरी अधिकच शोषतात. गाडी सावलीत आणि तबकडी लांब तारेने उन्हात, हा सोपा तोडगा.

एक अडथळा मात्र कोणाच्याही हाती नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या रेडिओ-गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश काही मिनिटे बुडून जातो. तेवढा वेळ तबकडीला हात लावू नये.