गंजाने राखलेला झगा

स्वीडनमधल्या ब्यॉर्को बेटावर हजार-अकराशे वर्षांपूर्वी बिर्का नावाची वायकिंगांची बाजारपेठ होती. 1870च्या दशकात यॅल्मार स्टोल्पे तिथे गेला तो किडे अडकलेले तृणमणी शोधायला, आणि पुढे सुमारे अकराशे थडगी उकरून बसला. बायकांच्या थडग्यांत खांद्यांजवळ दोन फुगीर, लंबगोल ब्रोच सापडत. अंगावरचे कपडे मातीने केव्हाच खाऊन टाकलेले. पण ब्रोच उलटा केला की पिनेभोवती बोटभर पट्टीचा फासा दिसे.

तो टिकला गंजामुळे! तांब्याचे क्षार कापड कुजवणाऱ्या जंतूंना मारतात. लोखंडी पिनेचा गंज तर धाग्यातच शिरतो. धागा हळूहळू नाहीसा होतो आणि त्याच्या जागी त्याच आकाराचा गंज उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली धागे मोजता येतात, पीळ उजवा की डावा तेही कळतं. म्हणजे कित्येकदा अभ्यासक ज्याला कापड म्हणतात, त्यात कापड राहिलेलंच नसतं.

एका ब्रोचमध्ये दोन फासे: एक पाठीकडून खांद्यावरून आलेला, दुसरा पुढून वर आलेला. त्यावरून ठरलं, की आत लिननचा सदरा आणि वर पट्ट्यांनी टांगलेला लोकरी झगा. मग हेडेबी या वायकिंगांच्या बंदराच्या गाळात डांबरात बुडवलेल्या चिंध्या मिळाल्या. फाटके कपडे जहाजांना डांबर फासायला वापरत असत. अभ्यासक इंगा हेग यांनी त्या चिंध्या तपासल्या, तर एका तुकड्याला उभा टक घातलेला, वर वेणीची किनार शिवलेली. झगा चक्क कमरेला बसता होता.

बाकीचा झगा कसा होता, हे शोधायचा एक मार्ग म्हणजे तो शिवून अंगात घालणं. डेन्मार्कमधल्या रीबेला, तसंच इंग्लंडमधल्या यॉर्कला दर फेब्रुवारीत भरणाऱ्या महोत्सवात अशी हौशी मंडळी भेटतात. त्यांतले कट्टर लोक सूतसुद्धा टकळीवर काततात. हिशोब करून पाहा: सेंटिमीटरला उभे दहा आणि आडवे दहा धागे धरले, तर एक चौरस मीटर कापडाला दोन किलोमीटर सूत लागतं. सराईत हात तासाला साधारण चाळीस मीटर काततो. म्हणजे माग मांडण्याआधीच पन्नास तास गेले! बिर्कातली बारीक कापडं तर याहून कितीतरी दाट. इतक्या कष्टाच्या कापडाला कात्री लावताना हात आखडणारच, म्हणून सदऱ्याचे तुकडे बहुतेक सरळ चौकोनी, घेरासाठी तिरक्या कळ्या आणि बगलेत छोटा चौकोन. चिंधीसुद्धा वाया जात नाही.

रंगवणं पाहायला मला सगळ्यात आवडतं. वोड नावाच्या रोपाची पानं आंबवून रंगाचा हौद लावतात. त्यासाठी जुनी पद्धत शिळ्या मुताची, आणि नाक दाबूनच उभं राहावं लागतं. लोकर बाहेर काढली की पिवळट हिरवी असते. वारा लागताच डोळ्यांदेखत निळी होत जाते. वोडमधला रंगकण आपल्या निळीतलाच, एकच रसायन. नॉर्वेतल्या ओसेबर्ग जहाजात, 834 सालच्या दफनात, या रोपाच्या बिया मिळाल्या आहेत.

पुरुषांच्या कपड्यांचं मात्र वाईट झालं. जोडीचे ब्रोच नाहीत, त्यामुळे गंजही कमी आणि पुरावाही कमी. शिंगांच्या टोपाचं तर नावच नको. तो 1876 साली बायरॉइटच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी काढलेल्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसला.

बायकांच्या झग्याचाही वाद मिटलेला नाही. 2006 साली रशियातल्या प्सकोवला एका थडग्यात रेशमी पट्ट्या लावलेले झग्याचे तुकडे आणि ब्रोच एकत्र मिळाले, आणि जुने आराखडे पुन्हा तपासावे लागले. झगा पुढून उघडा की नळीसारखा बंद, यावर अजून दोन तट आहेत. महोत्सवात दोन्ही तटांच्या बाया शेजारी शेजारी बसून शिवत असतात, आणि एकमेकींच्या शिवणीकडे बारकाईने बघत असतात.