आठ पट पुरे

थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहित आणि पट्टकादंब उतरतात. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यांवर गर्दी होते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही राज्यातली पहिली जागा. याच दिवसांत अनेक घरांत विषय निघतो, की आपणही एक दुर्बीण घ्यावी का? जरूर घ्यावी. दहा हजार रुपयांच्या आसपास वर्षानुवर्षं साथ देणारी दुर्बीण मिळते. दुकानात गेल्यावर ‘किती लांबचं दिसतं?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. नुसत्या डोळ्यांनाही चंद्र दिसतो, आणि तो पावणेचार लाख किलोमीटरांहून लांब आहे. विचारायचं ते हे, की जे दिसतं ते किती स्वच्छ, किती उजळ आणि किती स्थिर दिसतं.

दुर्बिणीवर ८×४०, १०×५० असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पटींचा. आठ पटींच्या दुर्बिणीतून ऐंशी मीटरवरचा खंड्या दहा मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. निवड ठरते ती या दोघांच्या भागाकारावर. ४० भागिले ८ म्हणजे ५, आणि एवढ्या मिलिमीटर व्यासाचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. भर दुपारी आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा छोटी दुर्बीणही चालून जाते. पण पक्षी दुपारी दडी मारून बसतात. कर्नाळ्यासारख्या गच्च झाडीत, पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली मोठी झालेली असते आणि तेव्हा खिशात मावणारी १०×२५ कमी पडते. तिचा झोत अडीच मिलिमीटरचा, म्हणजे पाचाच्या निम्मा. प्रकाश मात्र चौथा हिस्साच, कारण हिशेब क्षेत्रफळाचा असतो. समोर पक्षी आहे हे कळतं, त्याच्या छातीवरचा रंग कळत नाही.

मग पटी वाढवल्या तर? दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताची थरथरही मोठी करते. गड चढून धाप लागलेली असताना किंवा भिगवणच्या डुलत्या होडीत बसून दहा पटींची दुर्बीण स्थिर धरणं फार कठीण. पटी वाढल्या की दृश्याचा घेरही आकसतो. चांगल्या ८×४० मधून हजार मीटरवरचा सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×५० मधून ११५ च्या आसपास. फांदीवरून फांदीवर उड्या मारणारा वटवट्या शोधताना हा फरक फार जाणवतो. शिवाय सासवडच्या किंवा इंदापूरच्या माळावर दहा-अकरा वाजले की जमिनीवरून झळा उठू लागतात. त्या थरथरत्या हवेत जास्त पटींमुळे जास्त तपशील दिसत नाही, थरथरच मोठी होते.

म्हणून एकच दुर्बीण घ्यायची असेल तर आठ पटींची घ्यावी, पुढचं भिंग ४० किंवा ४२ चं. आकाशदर्शनाची ओढ असेल, किंवा काठावर कशाला तरी टेकून पाणपक्षी पाहायचे असतील, तर १०×५० चा विचार करावा. गुरूचे चार मोठे चंद्र तिच्यातून दिसतात, कृत्तिकांचा पुंजका तर फार सुंदर दिसतो. पण किलोमीटरभर लांब चिखलात उभे असलेले तुतवार ओळखायचे असतील तर दहा पटीही अपुऱ्या. ते काम तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचं, म्हणजे एकनळी दुर्बिणीचं.

झूमच्या दुर्बिणी, लालभडक चमकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी, हजार-दीड हजारात ‘शंभर पट, रात्रीही दिसते’ अशी जाहिरात असलेल्या दुर्बिणी, या घेऊच नयेत. मुलांसाठी तर नाहीच. धूसर चित्र बघून मुलाला वाटतं की आपल्यालाच दिसत नाही, आणि एक आवड सुरू होण्याआधीच संपते.

आता खरा पेच. नुसत्या भिंगांतून चित्र उलटं दिसतं. ते सुलटं करण्यासाठी आत लोलक, म्हणजे प्रिझम, बसवलेले असतात. इग्नाझिओ पॉरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही टिकून आहे. तिच्यात पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे दुर्बीण खांद्यात रुंद दिसते. दुसरी रचना रूफ प्रिझमची, सरळ दोन नळ्यांची. ती सुटसुटीत असते, पण तिचे लोलक जास्त काटेकोरपणे घडवावे लागतात. त्यांच्या एका पृष्ठावर बहुधा आरशासारखा लेप लागतो, आणि प्रकाशलहरींची कला (फेज) सुधारणारा आणखी एक लेप नसेल तर चित्राची धार बोथट होते. या सगळ्याला पैसे पडतात. म्हणून कमी किमतीत, त्याच पैशांत, पॉरोचं चित्र बहुतेक वेळा अधिक उजळ आणि अधिक खोलीचं मिळतं. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिम्पसची ८×४० डीपीएस ही या जातीची ठळक उदाहरणं.

मग पॉरोच घ्यावी? देशावर राहणाऱ्याला माझं उत्तर ‘हो’ असं आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याला मी थांबायला सांगेन. स्वस्त पॉरो बहुधा जलरोधक नसते. फोकसचं चाक फिरवलं की तिच्या मागच्या नळ्या आत-बाहेर सरकतात आणि त्यांच्याबरोबर दमट हवा आत जाते. चार महिन्यांच्या पावसात भिंगावर आतून बुरशीचे धागे पसरतात, आणि बुरशी मुरली की काच कायमची डागाळते. तिथे तीन-चार हजार जास्त मोजून, आत नायट्रोजन भरलेली जलरोधक रूफ दुर्बीण घ्यावी. निकॉनची प्रोस्टाफ पी३ किंवा सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स त्या वर्गातल्या. चित्रात थोडं कमी-जास्त चालेल, पण दुसऱ्या पावसाळ्यात दुर्बीणच उरली नाही तर काय उपयोग?

शक्य असेल तर प्रत्यक्ष हातात घेऊनच खरेदी करावी. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की मागच्या भिंगांत दोन प्रकाशाचे ठिपके दिसतात. ते गोल हवेत. कडा करड्या आणि चौकोनी दिसल्या तर लोलक हलक्या काचेचे आहेत. मग दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघावं. ते हिरवट-जांभळं आणि मंद दिसलं तर लेप आहे, पांढरं लखलखीत दिसलं तर त्या पृष्ठावर लेप नाही. बिनलेपाच्या काचेचं प्रत्येक पृष्ठ सुमारे चार टक्के प्रकाश परतवतं. अशी दहा पृष्ठं पार करताना एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असं असेल तर सगळ्या पृष्ठांवर अनेक थरांचा लेप आहे, नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या पृष्ठावर एकच थर असू शकतो. शेवटी दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीची कड किंवा विजेची तार पाच मिनिटं पाहावी. तार दुहेरी दिसली, डोळे ओढल्यासारखे झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. तो नग परत द्यावा. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीच रोखायची नाही, क्षणभरही नाही.

चष्मेवाल्यांनी ‘आय रिलीफ’चा, म्हणजे डोळा नेत्रिकेपासून किती लांब ठेवता येतो त्याचा, आकडा विचारावा. तो पंधरा-सोळा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्मा लावून पूर्ण घेर दिसत नाही. फुलपाखरांचं वेड असेल तर किती जवळचं फोकस होतं तेही पाहावं. बऱ्याच रूफ दुर्बिणी दोन-तीन मीटरवर येतात, पॉरोला चार-पाच मीटर लागतात.

हे सगळं आग्रहाने सांगायचं एक कारण आहे. हल्ली हातात मोबाइल घेऊन लोक घरट्याच्या इतके जवळ जातात, की टिटवी अंडी उघडी टाकून ओरडत फिरते. माळावरच्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ तग धरत नाहीत. दुर्बीण असली की पन्नास मीटरवर बसून टिटवीचा अख्खा संसार पाहता येतो, आणि तिला आपली चाहूलही लागत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम उजव्या नेत्रिकेवरची डायॉप्टरची कडी जुळवण्याचं. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करायची, मग डावं झाकून चाकाला हात न लावता ती कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करायची. बरेच जण ही कडी कधीच फिरवत नाहीत आणि दुर्बिणीला दोष देतात. भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मगच मऊ कापड. पावसाळ्यात चामडी पाकिटाऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. घरात एकच दुर्बीण असेल तर डायॉप्टरच्या कडीवर प्रत्येकाच्या जागी नेलपॉलिशचा वेगळ्या रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे आजोबांकडून नातीकडे गेली की दुर्बीण लगेच तिच्या डोळ्यांना जुळवता येते.