विश्लेषण : गवताळ माळरान आणि धनगरवाडे पाहायचे, तर करंजाडेहून कधी निघावे?

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातले गोल तंबू, घोडे आणि मेंढ्यांचे कळप यांचे एक रील मोबाइलवर पाहिले, की मागोमाग दहा येतात. तिकडची सहल प्रत्येकाच्या खिशाला झेपेल असे नाही. पण मोकळे गवत, कळपामागे चालणारी माणसे आणि त्यांचे देव करंजाडेपासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जायचे. अडचण एवढीच, की हिरवे गवत, हिवाळी पाहुणे पक्षी आणि मेंढपाळ यांच्या वेळा जुळत नाहीत. तारीख आधी ठरवून निघालात, तर यातले काहीतरी हुकणारच.

मेंढपाळ वर्षभर माळावरच असतात का?

नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा हा पट्टा पर्जन्यछायेचा. पावसाळ्यात इथे बेताचा पाऊस पडतो, गवत उगवते आणि कळप गावाच्या आसपास राहतात. दिवाळीनंतर गवत वाळते, पाणी आटू लागते. नेमके तेव्हाच कोकणातले भात कापून होते. मग बरेच धनगरवाडे घाट उतरतात. वाडा म्हणजे घर नव्हे. एकत्र चालणारी काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, कुत्री आणि सामान लादलेली घोडी मिळून वाडा होतो. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी लहान मूलही असते. आता काही जण सामानासाठी टेम्पो करतात.

कोकणात शेतकरी रिकाम्या खाचरात मेंढरे बसवून घेतात. रात्रभरात पडलेल्या लेंड्या आणि मूत हेच खत, आणि त्याच्या मोबदल्यात धनगरांना धान्य किंवा रोख पैसे मिळतात. पाऊस तोंडावर आला की परतीची वाट धरायची, कारण कोकणातल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. सगळेच कोकणात येतात असे नाही. काही वाडे देशावरच फिरत राहतात. तरीही डिसेंबर ते एप्रिल या काळात वाडा पाहायचा असेल, तर पनवेलकरांनी आधी रायगडमधल्या भातशेतीकडे नजर टाकावी. करंजाडेत मात्र खाचरांचे भूखंड झाले आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. कळप बसवायला जागा उरते ती जिथे शेती उरली आहे तिथेच.

मग कोणता महिना निवडावा?

मेंढपाळांसाठी जायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. गवत उभे असते, कळप गावाजवळ असतात आणि दसऱ्याला जेजुरीत खंडोबाचा उत्सव रात्रभर चालतो. जेजुरी वगळून ही सहल करू नका. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई धनगराची लेक, आणि तिचे देऊळ गड चढताना अर्ध्या वाटेवर लागते. बहुतेक जण दम खायला तिथे थांबतात आणि पुढे जातात. प्रत्यक्षात मेंढपाळांचे जग या देवस्थानाशी कसे जोडले गेले, हे तिथेच कळते. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हा नदीवर जाते. त्या दिवशी गर्दी प्रचंड असते, म्हणून निवांत गड पाहायचा असेल तर ती तारीख टाळलेली बरी.

प्राणी-पक्ष्यांसाठी जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात. जवळच भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर पट्टकादंब हंस येतात. त्यांची वीण मंगोलियापर्यंतच्या तळ्यांकाठी होते, म्हणजे मंगोलियाचे पाहुणे इथेच भेटतात. चिंकारा, खोकड, तरस आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. तिथे चिंकारा सहसा दिसतो. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातले शिर्सुफळ इथे पुणे वन विभागाची गवताळ सफारी आहे. तिचे आरक्षण ऑनलाइन करायचे आणि स्थानिक गाइडसोबतच आत जायचे.

जायचे कसे?

द्रुतगती मार्गाने पुणे, तिथून हडपसर, दिवे घाट, सासवड आणि जेजुरी. पुढे मोरगाव, सुपे, बारामती. पुण्यापासून जेजुरी सुमारे ५० किलोमीटर. रेल्वेने जायचे तर पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्थानक आहे, पण माळावर फिरायला गाडी लागतेच. पहाटे आणि संध्याकाळ माळावर मिळावी, म्हणून बारामती किंवा भिगवणला एक रात्र काढा. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरलात तर माळ भर दुपारी दिसेल. त्या वेळी तिथे सावलीही नसते आणि प्राणीही नसतात.

माळावर काय जपायचे?

सरकारी कागदावर अशी जमीन अनेकदा ‘पडीक’ असते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावता येतात, सौर पॅनेल उभारता येतात, भूखंड पाडता येतात. धाविक, टिटवी, पखुर्डी हे पक्षी मात्र उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती मातीत इतकी मिसळून जातात की चाकाखाली आल्यावरही कळत नाहीत. गाडी चाकोरीतच ठेवा. फेब्रुवारीनंतर गवत काडीपेटीसारखे असते; विडी-सिगारेट गाडीतही नको.

लांडग्याची गुहा किंवा पिल्ले दिसली, तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या येतात, आणि मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते. ती नवी जागा एखाद्या वाड्याच्या शेजारी असेल, तर तोटा धनगराचा. लांडग्याने मेंढरू मारले तर सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा लागतो. वाडा रोज पुढे चालत असताना त्यासाठी थांबणे अवघड जाते.

वाड्याजवळ गेलात तर लांबूनच हाक द्या. कुत्री राखणीची आहेत, त्यांना बिस्किटे टाकू नका. ‘रामराम पावणं’ ऐकू आले की पुढे जा, फोटो विचारून काढा आणि त्याचे पैसे पुढे करू नका. काही घ्यावेसे वाटले तर विणकराकडून थेट घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची काळी लोकर राठ असते, अंगाला टोचते. पण धनगर तीच पांघरून पावसात उभे राहतात.