उसनं बॅकग्राउंड

सिंदखेडराजाच्या चांदणी तलावावर गेलात की फोटोत मागे काय घेता? पाण्याच्या मधोमध उभी असलेली ती जुनी वास्तू, बरोबर ना? आपली मालकी नसलेली वस्तू आपल्या फ्रेममध्ये! चीनचे बागवाले हेच करत आले, तेही कॅमेरा नसताना.

सुझोऊ शहरात सोळाव्या शतकातली ‘झुओझेंग युआन’ बाग आहे. तळ्याकाठी उभं राहिलं की झाडांमागून उंच पॅगोडा डोकावतो. वाटतं, बागेतलाच असेल. तो आहे बागेबाहेरच्या देवळाचा! झाडं आणि पाणी असं मांडलंय की मधलं शहर दिसतच नाही. याला तिथं ‘उसना देखावा’ म्हणतात.

सुझोऊच्या कारागिरांनी १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि १९८६मध्ये व्हँकुव्हरला अशा बागा उभारल्या. न्यूयॉर्कची तर काचेच्या छताखाली आहे. तिथं उसनं कुणाकडून घेणार!

उसन्याची एकच अडचण. देखावा आपल्या ताब्यात नसतो, मधे कुणी चार मजले चढवले की खल्लास. म्हणूनच सुझोऊच्या जुन्या शहरात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. आपल्याकडे तर एक मोठा फ्लेक्सही पुरतो.